ट्राउटचे ओढे टँकरने मासे सोडून वाचत नाहीत

निसर्गप्रेमींच्या गटांमध्ये ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत ओढ्यातले ट्राउट कमी झाले की मत्स्यबीज केंद्रातून टँकर येतो, मासे सोडतो आणि प्रश्न मिटतो. शनिवारी गमबूट घालून ओढे सुधारायला पाण्यात उतरणारे स्वयंसेवक म्हणजे गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा वेळ घालवायचा उद्योग. ते तर काठावरची झाडंही तोडतात. शेवटी सल्ला येतो की आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्येही ट्राउट सोडा, पर्यटन वाढेल.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहते आणि स्वयंसेवकांच्या अशा कामाला नेमाने जाते. हा मजकूर वाचून लोक मला विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"मासे सोडले की मासे वाढतात"

याची तपासणी पन्नास वर्षांपूर्वीच झाली आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मॅडिसन नदीच्या एका पट्ट्यात दरवर्षी केंद्रातले मासे सोडले जात. 1970 च्या सुमारास तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ते थांबवून पाहिलं, आणि जवळच्याच ओडेल ओढ्यात, जिथे मासे सोडले जात नव्हते, तिथे ते सोडून पाहिले. मॅडिसनच्या पट्ट्यात काही वर्षांतच मोठ्या रानट्राउटची, म्हणजे नदीतच जन्मलेल्या ट्राउटची, संख्या दुपटीहून जास्त झाली. ओडेलमध्ये ती जवळपास निम्म्यावर आली. ज्या नद्यांत रानट्राउट स्वतः वाढतात तिथे मासे सोडणं मोंटानाने 1974 मध्ये बंद केलं. तिथले गळवाले आणि दुकानदार आधी खूप चिडले होते. आज त्याच नद्यांवर जगभरातून लोक मासेमारीला येतात.

असं का होतं? सिमेंटच्या हौदात वाढलेल्या माशाला वरून सावली पडली की खाणं येतं एवढंच ठाऊक असतं. ओढ्यात प्रत्येक ट्राउटची आपली जागा असते, दगडाच्या आडोशाला, जिथे कमी ताकदीत टिकून राहता येतं आणि समोरून वाहत येणारे किडे टिपता येतात. एकदम शेकडो पोसलेले मासे आत आले की ही घडी मोडते. रानमासे जागा सोडतात, खंगतात. सोडलेल्यांपैकीही बहुतेक हिवाळा काढत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा टँकर लागतो.

मासे सोडणं नेहमीच चूक असतं असं मात्र मी म्हणणार नाही. कोलोरॅडोत ग्रीनबॅक कटथ्रोट नावाचा स्थानिक ट्राउट वाचवायला कित्येक दशकं मासे सोडले गेले. 2012 मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की त्यातले बरेचसे वेगळ्याच वंशाचे होते आणि खरा ग्रीनबॅक फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीकमध्ये उरला आहे. मग त्या वंशाची पिल्लं पाण्याच्या पिशव्यांत भरून स्वयंसेवकांनी पाठीवरून डोंगरावरच्या ओढ्यांत नेली. हर्मन गल्च या ओढ्यात ते मासे स्वतःहून वाढू लागल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. पण त्याआधी तिथले बाहेरचे मासे काढून ओढा मोकळा केला होता. आधी ओढा, मग मासे.

"पाणी थंड असणं निसर्गाच्या हातात; माणसं काय करणार?"

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

इथल्या स्थानिक ब्रूक ट्राउटला 20 अंश सेल्सिअसच्या आतलं पाणी मानवतं. पंचविशीच्या आसपास पाणी काही दिवस राहिलं तर तो मरतो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजनही घटतो: 10 अंशाला लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम मावतो, 20 अंशाला 9. आणि तापलेल्या पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. दोन्हीकडून कोंडी.

नैर्ऋत्य विस्कॉन्सिनमधल्या ओढ्यांना थंडावा देतात ते जमिनीखालचे झरे, बारा महिने 9-10 अंशांचे. झरे टिकायचे तर पाऊस जमिनीत मुरला पाहिजे. गोऱ्या वसाहतदारांनी उतार नांगरले, टेकड्यांवर गुरं सोडली, तेव्हा पाऊस मुरायचा थांबला. पुरांनी दऱ्यांच्या तळाशी काही फूट जाडीचा गाळ आणून टाकला, आणि उन्हाळ्यात ओढे आटू लागले. 1933 मध्ये इथल्या कून क्रीकच्या खोऱ्यात अमेरिकेतला पहिला मोठा पाणलोट प्रकल्प सुरू झाला. समपातळीवर पेरणी, एकाआड एक गवताचे आणि पिकाचे पट्टे, उतारावरची चराई बंद. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे काही नवं नाही, पाणलोटाचं काम आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. मुरण वाढलं, झरे भरले, उन्हाळी प्रवाह वाढला. ओढ्यांत ट्राउट पुन्हा स्वतः अंडी घालू लागले त्याचा पाया हा आहे. माणसांनी पाणी तापवलं आणि माणसांनीच ते थंड केलं.

आज स्वयंसेवक काय करतात? काडेपेटीएवढा तापमाननोंदक पाइपच्या तुकड्यात घालून तारेने लोखंडी गजाला बांधायचा आणि गज ओढ्याच्या तळाशी ठोकायचा. शरद ऋतूत तो काढून आकडे उतरवायचे. रिव्हर फॉल्स गावात किनिकिनिक नदीवर स्वयंसेवक हे 1990 च्या दशकापासून करत आले आहेत. जुलैतल्या दुपारी वळीव आला की तापलेल्या डांबरावरचं पाणी गटारांतून थेट नदीत उतरतं आणि पाण्याचं तापमान पाहता पाहता चढतं, हे त्या आकड्यांत दिसतं. नवी बांधकामं होताना पावसाचं पाणी जागेवरच मुरवण्याचा आग्रह नगरपालिकेपुढे धरायचा, तर हातात हे आकडे लागतात.

नोव्हेंबरात काठावर गुडघे टेकून बसलं तर ओढ्याच्या तळाशी ताटाएवढा उजळ खळगा दिसतो. बाकी गोटे शेवाळून काळपट झालेले, एवढेच घासून काढल्यासारखे. मादीने शेपटीच्या फटकाऱ्यांनी ते उलथून खाली अंडी घातलेली असतात, नेमकी खालून झरा पाझरतो तिथे. वरून बारीक गाळ बसला की अंड्यांचा श्वास कोंडतो. वरच्या शेतातली माती अडवणं आणि ढासळता काठ उतरता करून त्यावर गवत पेरणं, ही कामं त्या खळग्यासाठी चालतात.

"हे तर झाडं तोडतात"

तोडतात, खरं आहे. इथल्या काठांवर बॉक्स एल्डर नावाचा वृक्ष माजतो. त्याची मुळं उथळ, सावलीत गवत उगवत नाही, आणि पुरात झाड काठाचा लचका घेऊन कोसळतं. गवताची दाट मुळं माती जास्त धरतात, म्हणून तो काढतात. हाच नियम दुसरीकडे लावला तर अनर्थ होईल. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियन डोंगरांतल्या ओढ्यांना सावलीच जगवते, आणि तिथले स्वयंसेवक झाडं लावतात. इथेही किती झाडं काढायची यावर वाद होतात, कारण पक्ष्यांना, बेडकांना तीच झाडं लागतात. तो वाद व्हायलाच हवा. पण एका ओढ्यावरच्या झाडतोडीवरून सगळ्या चळवळीला झोडपणं अन्यायाचं आहे.

"सगळं स्वतःच्या गळासाठी"

यात काही अंशी तथ्य आहे. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था 1959 मध्ये मिशिगनच्या ऑ सेबल नदीकाठी गळ टाकणाऱ्यांनीच सुरू केली. मात्र त्यांची पहिली मागणी होती ती टँकरचे मासे पुरेत, नदी सांभाळा, अशी. नुसती हौस असती तर टँकर सोयीचा होता. ॲरिझोनातल्या अपाचे ट्राउटची गोष्ट याहून बोलकी आहे. व्हाइट माउंटन अपाचे जमातीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ओढ्यांवरची मासेमारीच बंद केली, तेव्हा कुठलाही कायदा त्यांना तसं सांगत नव्हता. पुढे सरकारी खाती आणि स्वयंसेवक त्यांच्या जोडीला आले, बाहेरचे ट्राउट वर चढू नयेत म्हणून ओढ्यांत अडथळे बांधले गेले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये हा मासा संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

"सह्याद्रीत ट्राउट सोडा"

कृपा करून नको. एप्रिल-मेमध्ये आपल्या नद्यांचे डोह होतात आणि पाणी ट्राउटला मारक ठरेल इतकं तापतं. हिमाचल, काश्मीर, निलगिरीत ट्राउट टिकले, कारण तिथली उंची आणि गारवा. पण तेही इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेले, आणि हिमालयातल्या असेला या स्थानिक माशाला त्यांच्याशी जागेसाठी आणि खाण्यासाठी झगडावं लागतं. सह्याद्रीच्या नद्यांत जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे मासे आहेत. ज्यांना काम करायचं आहे त्यांनी महाडजवळच्या वाळण कोंडीच्या डोहाला जाऊन यावं. देवीचे मासे म्हणून गावकऱ्यांनी डोहातली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवली आहे आणि मोठाले महासीर तिथे काठाशी येतात. अशा डोहांचं उन्हाळ्यातलं तापमान नोंदवणं, वरच्या बाजूचा वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी थांबवण्यासाठी ग्रामसभेत ठराव आणणं, एवढ्या कामाला कुठल्याही टँकरची गरज नाही.