प्रिझमिचच्या मागे मागे

14 जानेवारी 2024. रविवार होता आणि भोगी होती. ताटात बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, आणि समोर मेलबर्नहून रॉड लेव्हर अरीना. ऑस्ट्रेलियन ओपनचा पहिलाच दिवस. दहा वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या जोकोविचसमोर पात्रता फेरीतून आलेला अठरा वर्षांचा दिनो प्रिझमिच. जेवण होईपर्यंत सामना संपेल असंच मला वाटलं होतं. पहिला सेट 6-2 गेला तेव्हा तर मी ताट उचलायला उठलेही होते.

मग दुसरा सेट त्या पोरानं टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये घेतला. मी परत खाली बसले ते चार तासांचा सामना संपेपर्यंत हलले नाही. लांबच लांब रॅली, पायात गोळे आलेले दिसत होते, तरी पुढच्या चेंडूला तो तितक्याच ताकदीनं धावत होता. 6-2, 6-7, 6-3, 6-4. हरला. पण सामना संपल्यावर स्वतः जोकोविचनं प्रेक्षकांसमोर त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. प्रिझमिच क्रोएशियातल्या स्प्लिट शहराचा. जोकोविचचा तेव्हाचा कोच गोरान इव्हानिसेविच, तोही स्प्लिटचाच. 2001 मध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर येऊन, क्रमवारीत 125 व्या नंबरवर असताना ज्यानं विम्बल्डन जिंकलं, तो माणूस त्या दिवशी आपल्या गावच्या पोराच्या विरुद्ध बाजूच्या गोटात होता. त्याला आतून काय वाटलं असेल?

त्या दिवसापासून मी प्रिझमिचच्या मागे आहे. खरं म्हणजे नाव आधीपासून माहीत होतं. 2023 च्या फ्रेंच ओपनमध्ये त्यानं मुलांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं होतं, अंतिम फेरीत बोलिव्हियाच्या प्राडो आंजेलोला 6-1, 6-4 असं हरवून. हेच विजेतेपद 2005 च्या जूनमध्ये क्रोएशियाच्याच मारिन चिलिचनं, म्हणजे 2014 च्या अमेरिकन ओपन विजेत्यानं जिंकलं होतं, आणि प्रिझमिचचा जन्म त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. त्यामुळे 'नवा चिलिच' हा शिक्का त्याच्यावर लगेच बसला. क्रोएशिया म्हणजे जेमतेम 39 लाखांचा देश, आपल्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मिळून त्याहून जास्त माणसं राहतात. तरी त्यांनी दोनदा डेव्हिस कप जिंकलाय, 2005 आणि 2018. अशा ठिकाणी एखादा मुलगा चमकला की सगळ्या देशाचे डोळे त्याच्यावर लागणारच.

मला राग येतो तो 'नवा अमुक' म्हणण्याचा. ज्युनियर विजेतेपद आणि पहिल्या शंभरातली जागा यांच्यामध्ये जे पडतं ते कुणी बघत नाही. खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा असतात. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा म्हणजे ती रक्कम सगळ्यांत मिळून वाटायची. एकेरीच्या विजेत्याला 2,160 डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 156. त्यात हॉटेल, विमान, रॅकेटच्या तारा बदलणं, कोच परवडत असेल तर कोच. त्याच्या वर चॅलेंजर. तिथे निदान राहण्याची सोय होते, पण प्रेक्षक कधी कधी बोटांवर मोजण्याइतके. आणि सगळ्यात वर ग्रँड स्लॅम, जिथे 2024 मध्ये मेलबर्नला पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 1 लाख 20 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. जिने चढताना खालच्या पायऱ्या इतक्या उंच आणि वरच्या इतक्या मऊ का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पैसा खाली झिरपायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

आपल्या सुमित नागलनं 2023 मध्ये खात्यात 900 युरो उरल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. तोसुद्धा त्याच मेलबर्नच्या पात्रता फेरीत होता. तीन सामने जिंकून मुख्य फेरीत आला आणि 31 वं मानांकन असलेल्या बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. म्हणजे स्प्लिटचा अठरा वर्षांचा मुलगा आणि आपला सव्वीस वर्षांचा नागल एकाच आठवड्यात एकाच दारातून आत आले होते. एकाची सुरुवात होती, दुसऱ्याची अनेक वर्षांची घासाघीस. दार तेच.

प्रिझमिचचं पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. दुखापतीनं त्याला बराच काळ बाहेर बसवलं. क्रमवारीतले गुण 52 आठवडेच टिकतात. तुम्ही पलंगावर पडून असलात तरी गेल्या वर्षीचे गुण दर सोमवारी गळत राहतात. सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर असाल तर संरक्षित क्रमवारीही, म्हणजे परतल्यावर दुखापतीआधीच्या क्रमवारीवर प्रवेश मिळण्याची सवलतही मिळत नाही. जोकोविचकडून सेट घेतलेल्या मुलाला पुन्हा छोट्या गावांतल्या चॅलेंजरला जावं लागतं. मी ते सामने बघते. एकच कॅमेरा, बहुतेक वेळा कॉमेंट्रीही नाही, फक्त चेंडूचा आवाज आणि मध्येच कुणाचा तरी खोकला. लाल मातीवर तो पाय घसरवत चेंडूपर्यंत पोचतो, गुण हरला की तारांकडे बघतो आणि मुकाट पुढच्या सर्व्हला जातो. 2025 च्या अमेरिकन ओपनला तो पुन्हा मुख्य फेरीत दिसला. रुबलेवकडून तीन सेटमध्ये हरला, पण मला त्या दिवशी आनंदच झाला होता.

माझा चौदा वर्षांचा भाचा टेनिस खेळतो. परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याच्यासमोरच विचारलं, "अजून किती वर्षं वाट बघायची?" मुलाचा चेहरा एवढासा झाला. ताई काही बोलली नाही. मला मात्र रात्रभर ते लागून राहिलं.

पुण्यात बालेवाडीला कार्लोविच आणि अँडरसनची 2019 ची महाराष्ट्र ओपनची फायनल मी स्टँडमधून पाहिली आहे, तिन्ही सेट टायब्रेकला गेलेली. स्टेडियम दणाणत होतं. तिथेच 2024 च्या फेब्रुवारीत चॅलेंजर झाली आणि मोनॅकोचा वाशरो ती जिंकला. हाच वाशरो 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जगात 204 वा असताना पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्स जिंकून गेला, वाटेत जोकोविचला हरवून. आपल्या गावात खेळून गेलेला माणूस!

पुढच्या वेळी बालेवाडीला चॅलेंजर असेल तेव्हा भाच्याला घेऊन पात्रता फेरीच्या पहिल्या दिवसापासून जाणार आहे. कोथरूडहून निघू, गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल त्यांनी खाली लिहा.