‘मावश्यांना कसला डेटा शिकवताय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

वृद्ध शुश्रूषा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी आपल्याच नोंदी वाचून काळजी सुधारावी, या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे मुद्दे थोडक्यात देतो. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या केंद्रात निम्म्या मावश्या माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या, आज आहेत तर उद्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलल्याचा तक्ता ड्यूटी संपताना एका दमात भरला जातो. कुणी पडल्याचं लिहिलं की पगार कापतात, मग लिहील कोण? वर ‘हे अमेरिकेतलं खूळ’ हा शेरा.

शेऱ्याचं आधी. तिथे सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाची ठरावीक माहिती भरून पाठवावीच लागते आणि २००८पासून त्यांना दर्जानुसार तारेही दिले जातात. तरीसुद्धा इस्पितळांच्या बिलांशी ताडून पाहिलं, तेव्हा गंभीर दुखापत झालेल्या पडण्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त त्या माहितीत नव्हतीच. फॉर्म भरणारे चांगले शिकलेले होते. म्हणजे दुखणं मावश्यांच्या आठवी-दहावी शिक्षणाचं नाही. लिहिणाऱ्याच्या अंगाशी येणारी नोंद कुठेही गळते.

म्हणून पगारकपातीबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. ती चालू असेपर्यंत पडण्याच्या नोंदींचं प्रशिक्षण घेऊच नका, खोटं लिहायची सवय तेवढी पक्की होईल. सुरुवात वजनापासून करा. आजींचं वजन घटलं म्हणून सहसा कुणाचा पगार कापला जात नाही.

महिन्याची ठरलेली तारीख, सकाळी नाश्त्याआधी, लघवी झाल्यावर, काटा तोच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली की डॉक्टरांना कळवायचं. पण टक्केवारी मावश्यांना काढायला लावू नका. ‘याच्या खाली आलं तर लगेच सांगा’ हा आकडा इनचार्ज सिस्टरनी प्रत्येक नावापुढे आधीच लिहून ठेवायचा. मागच्या महिन्यात ४८ किलो भरलेल्या आजींसाठी तो ४५.६. घोळ होतो तो व्हीलचेअरचा. खुर्चीसकट वजन करून खुर्चीचं वजा करतात, आणि या महिन्यात खुर्ची दुसरीच असते. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तिचं वजन ऑइलपेंटने लिहून टाका. पायांवर सूज असेल तर तीही नोंदवा, कारण अंगात साठलेलं पाणी खरी घट झाकतं. आणि आकडा खाली आला की त्याच आठवड्यात काहीतरी हललं पाहिजे: कवळी सैल झालीय का, भरवायला वेळ मिळतो का, ताट अर्धं परत जातं का. लिहूनही काहीच होत नाही हे दिसलं, की मावश्या अंदाजाने वजन टाकायला लागतात, आणि त्यात दोष त्यांचा फारसा नसतो.

आता तुमचा तो कुशीचा तक्ता. ८, १०, १२, २, सगळं एकाच पेनाचं. त्यावर सह्या वाढवून काही होत नाही. तक्ता सोडा, कूस तपासा. आठवड्यातून दहा वेळा, वेळ आधी न सांगता, जी मावशी त्या खोलीवर नाही तिने जाऊन बघायचं: आजी आत्ता कोणत्या कुशीवर आहेत आणि कागद काय म्हणतो? जुळलं तर भिंतीवरच्या वेळापत्रकात त्या तासापुढे हिरवी टिकली, नाही तर लाल. टिकल्यांची पाकिटं कुठेही मिळतात. नाव कुणाचंच लिहायचं नाही. लाल टिकल्या रात्री २ ते ५ मध्ये दाटल्या, तर विचारा की जड अंगाच्या आजोबांना वळवायला दोघी लागतात आणि तेव्हा मजल्यावर एकटीच असते का. तसं असेल तर तो ड्यूटी लावणाऱ्याचा प्रश्न झाला, आणि मालकासमोर मावशीच्या बाजूने बोलायला तो कागद आहे. माझ्या मते हे शिकवायचं ते याचसाठी.

सोबत बोटाने दाबून बघायला शिकवा. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड. लाली दाबल्यावर फिकी पडत नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून शेजारच्या जागेशी तुलना करून गरम किंवा घट्ट लागतं का ते पाहायचं. टाचांना उशी नको, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्या.

पगारकपात थांबली की मग पडण्याकडे वळा. आधी ‘पडणं’ कशाला म्हणायचं ते ठरवा. पलंगावरून घसरून खाली बसले, धरून हळूच जमिनीवर टेकवले, हेही मोजायचं. अशी पाच उदाहरणं सांगून हात वर करायला लावा, मतं किती फुटतात ते तिथेच दिसेल. मालकालाही आधीच बजावा: पहिल्या महिन्यात आकडा वाढणार, कारण लपलेलं बाहेर येणार. नुसती संख्याही फसवते. सरासरी २६ जण असताना ३० दिवसांत ४ वेळा पडले, म्हणजे माणसं गुणिले दिवस धरून हजार दिवसांमागे ५.१. पुढच्या महिन्यात ३० जण, ३१ दिवस, ५ वेळा, तर ५.४. जवळपास तेच. एवढ्याशा केंद्रात महिन्या-महिन्याच्या फरकावरून पेढे वाटू नयेत नि झापूही नये. दर महिन्याचा हा आकडा आलेखावर मांडा; मध्यकाच्या (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येतो त्याच्या) एकाच बाजूला सलग सहा ठिपके पडले, तर काहीतरी खरंच बदललं.

ब्युरोची गळती मलाही सोडवता येत नाही. म्हणून धडा वीस मिनिटांचा ठेवा, नवीन मावशीला पहिल्याच दिवशी देता येईल एवढाच. सकाळी आठच्या हँडओव्हरला मात्र नको. नाईटवाल्यांना ट्रॅफिकमधून ठाणे स्टेशन गाठून दिव्याची लोकल पकडायची असते, त्यांचं लक्ष दारात. दिवसपाळीला दुपारी जेवणानंतर आणि नाईटला सगळे झोपल्यावर, तोच धडा दोनदा.

ॲप घ्यायचं का, हेही तुम्ही विचारलंत. भिंतीवरचा कागद तीन महिने न चुकता भरला गेला, तर घ्या.