मिठाने लव्हाळा मरत नाही, रान मात्र बिघडतं

लव्हाळा या शेतातल्या चिवट तणाबद्दल निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘फवारणीच्या पंपात किलोभर खडेमीठ टाका, लव्हाळा मुळासकट संपतो.’ हे खरं नाही.

मीठ मारलं की पात करपते, म्हणून माणसाला पटतं. पण कुदळीने वीतभर खणून बघा. काळ्या, खरबरीत गाठी, दोऱ्यात मणी ओवावेत तशा एकीला एक जोडलेल्या. फोडली तर आत पांढरी, वास उटण्यातल्या नागरमोथ्याचा. मीठ या गाठींना मारत नाही, थोड्याच दिवसांत नवे कोंब वर. मीठ मात्र रानात राहतं. सोडियमने काळी माती ओली असताना चिकट, सुकली की दगड. आणि कांदा तर खाराला फारच नाजूक!

रोटाव्हेटर (माती बारीक करणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारूनही उलटंच होतं. गाठींची साखळी तुटली की सुट्या झालेल्या प्रत्येक गाठीला कोंब फुटतो. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून गाठी उन्हात वाळू द्या, तेवढे दिवस पाणी बंद. उसात, मक्यात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक चालतं, लेबलवरच्या मात्रेनेच. शेजारच्या कांद्यावर ते उडू देऊ नका.