उलट दिशेचं पॉलिमरेझ का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशांना असतात, पण नवा धागा जोडणारं विकर (एन्झाइम), म्हणजे पॉलिमरेझ, एकाच दिशेने चालतं. म्हणून एक नवा धागा सलग बनतो आणि दुसरा छोट्या ओकाझाकी तुकड्यांत, असं मी डीएनएच्या प्रतिकृतीवरच्या लेखात लिहिलं होतं. त्याबद्दल तुमचे आक्षेप तीन आहेत. ‘पॉलिमरेझ एकाच दिशेने चालतं म्हणून ओकाझाकी तुकडे होतात’ हे कारण नव्हे, नियमच फिरवून सांगणं आहे, ई. कोलाय हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, तर लेखात म्हटल्याप्रमाणे डीएनएची कॉपी व्हायला ४० मिनिटं कशी. आणि तुकड्यांची लांबी चुकली आहे.

शेवटचा आधी घेतो, कारण तो मान्यच आहे. १००० ते २००० न्यूक्लिओटाइड (डीएनएची ‘अक्षरं’) ही लांबी जिवाणूंमधली. माणसाच्या पेशीत तुकडे १०० ते २०० च्या आसपास असतात. मी सरसकट लिहून गेलो; दुरुस्ती केली आहे.

दिशेचा मुद्दा खरा रोचक. नवं न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेट घेऊन येतं, त्यातले दोन सुटतात आणि जोडणीची ऊर्जा तिथून मिळते. म्हणजे येणारा प्रत्येक जण आपली शिदोरी बरोबर आणतो. साखळीच्या वाढत्या टोकाला (त्याला तीन-प्राइम म्हणतात) नुसता हायड्रॉक्सिल गट असला की भागतं. चुकीचं अक्षर बसलं तर पॉलिमरेझ ते कापून टाकतं, मागे पुन्हा हायड्रॉक्सिलच उरतो आणि काम पुढे सुरू.

उलट दिशेने वाढणाऱ्या साखळीत मात्र ही शिदोरी वाढत्या टोकावरच बांधलेली असणार. चुकीचं अक्षर कापलं की तीही त्याच्यासोबत गेली. मागे एकटा फॉस्फेट उरतो, आणि त्याच्या जोरावर पुढची जोडणी होत नाही. मग चुका तपासायच्याच नाहीत? नुसत्या अक्षरनिवडीत साधारण लाखात एक चूक होते. ई. कोलायच्या ४६ लाख अक्षरजोड्यांच्या जीनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) प्रत्येक नव्या धाग्यात चाळीसेक चुका झाल्या. कापून दुरुस्त करण्याने त्या सुमारे शंभरपटीने घटतात. उरलेल्यांपैकी बहुतेक नंतरची विजोड-दुरुस्ती (न जुळणाऱ्या जोड्या शोधणारी यंत्रणा) पकडते. चुका तपासता येण्याच्या या फायद्यापुढे दर तुकड्याला दहाएक अक्षरांचा आरएनए प्रायमर (सुरुवात करून देणारा तात्पुरता तुकडा) घालणं, तो काढणं, जागा भरणं आणि लायगेज या विकराने सांधा जोडणं हा खटाटोप परवडतो.

तरीही हा युक्तिवाद आहे, सिद्धता नव्हे. यीस्टमधलं टीएचजी-१ हे विकर हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या टी-आरएनएच्या (प्रथिनं बनवताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूच्या) पाच-प्राइम, म्हणजे दुसऱ्या टोकाला ‘जी’ हे एक अक्षर जोडतं, म्हणजे उलट दिशेनेच. त्यासाठी आधी एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ते टोक सक्रिय करून घेतं. तेव्हा उलट दिशेच्या जोडणीला लेखात वापरलेला ‘अशक्य’ हा शब्द चुकला. ‘महाग’ म्हणायला हवं होतं.

आता ४० मिनिटांचा हिशेब. कॉपी एका आरंभबिंदूपासून दोन्ही बाजूंना सुरू होते, म्हणून प्रत्येक फाट्याच्या (कॉपी जिथे पुढे सरकत असते त्या जागेच्या) वाट्याला २३ लाख जोड्या येतात. सेकंदाला सुमारे १००० या वेगाने ३८ मिनिटं लागतात. कॉपी संपल्यावर विभाजनाला आणखी वीसेक मिनिटं. तुम्ही धरलंत की एक फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. घोटाळा तिथे आहे. कूपर आणि हेल्मस्टेटर या संशोधकांनी १९६८ मध्ये दाखवलं की भरपूर अन्न असताना फेऱ्या एकमेकींवर चढतात. २० मिनिटांच्या चक्रात आजीच्या जन्मावेळी सुरू झालेली कॉपी नातीच्या विभाजनाला कामी येते!

हे तपासताही येतं. वेगाने वाढणाऱ्या कल्चरचा डीएनए सीक्वेन्स केला (त्याची अक्षरं वाचली) तर आरंभबिंदूजवळचे रीड्स (वाचलेले तुकडे) अंतबिंदूजवळच्यांच्या जवळपास चौपट मिळायला हवेत. वाढ थांबलेल्या कल्चरमध्ये हेच प्रमाण एकाच्या आसपास येतं.