‘लाडक्या भावा’ला घरबसल्या दहा हजार? शासन निर्णय तसे म्हणत नाही

‘लाडका भाऊ योजनेत प्रत्येक बेरोजगार तरुणाला घरबसल्या दरमहा दहा हजार रुपये, सोबतच्या लिंकवर तीनशे रुपये शुल्क भरून नाव नोंदवा, प्रशिक्षण संपताच सरकारी नोकरी पक्की’ हा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. माझ्या बारावी झालेल्या भाच्याने तो मला पाठवून ‘मामा, भरू का?’ असे विचारले. सुशिक्षित माणसेही असले संदेश न तपासता पुढे ढकलतात, याचा मनस्वी संताप येतो.

सर्वांत घातक भाग शुल्काचा आहे. ‘लाडका भाऊ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणी राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर विनामूल्य होते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याकडूनच पैसे उकळायचे आणि वर आधार क्रमांक, खात्याचा तपशील व ओटीपीही मागायचा, ही उघड लूट आहे. विद्यावेतन, म्हणजे प्रशिक्षणाच्या काळात मिळणारी रक्कम, आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होत असल्यामुळे अशी विचारणा मुलांना रीतसर वाटते आणि नेमकी तिथेच त्यांची फसगत होते. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो.

दहा हजारांचा आकडा मात्र अगदीच खोटा नाही, हे मान्य करावे लागते. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले आहे. म्हणजे भाच्याला सहा हजारच मिळतील आणि तेही आस्थापनेत, म्हणजे एखाद्या कंपनीत किंवा कार्यालयात, प्रत्यक्ष काम शिकल्यावर, कारण महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्यास त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही. ‘घरबसल्या’ हा शब्द कोणी आणि कशाच्या आधारावर घुसडला? ‘प्रत्येक’ हेही चूक आहे. वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे असून शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना लागू नाही.

नोकरीच्या हमीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र मिळते. कामावर ठेवायचे की नाही, हे आस्थापना ठरवते. सहा महिन्यांची मुदत शासनाने पुढे अकरा महिने केली, तरी कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींना मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले. नोकरी ‘पक्की’ असती, तर ती मुले तिथे कशाला बसली असती?