एक टाइल उलटी आहे

मराठी माणसाचा टाइलशी संबंध दोनच ठिकाणी येतो. एक बाथरूममध्ये, जिथे ती घासायची असते. दुसरा जिन्याच्या कोपऱ्यात, जिथे तिच्यावर देव असतात आणि पान खाणाऱ्याने तोंड आवरावं एवढीच त्या देवांकडे मागणी असते. एवढ्या पूर्वतयारीवर आपण पोर्तुगालमधलं समुद्राकाठचं टाइल्सचं घर बघायला निघतो.

घर म्हणजे कश्काइशचं 'काझा द सांता मारिया'. राऊल लिनो या वास्तुविशारदाने ते 1902 साली उभं केलं, तेव्हा तो जेमतेम तेविशीत होता. आपल्याकडे त्या वयात मुलाला गॅलरीची जाळी बदलायचं कामसुद्धा एकट्याला देत नाहीत. 2004 मध्ये घर नगरपालिकेने घेतलं, म्हणून आज तुम्हाआम्हाला आत शिरता येतं.

जायचं कसं? लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनावरून लोकल, साधारण 40 मिनिटं. जाताना डावीकडची खिडकी पकडा, पाणी त्या बाजूला आहे. गाडी कुठपर्यंत जाते ते मात्र पाटीवर वाचा, काही गाड्या ओएइरशलाच संपतात. विरारचा माणूस बोरिवली लोकलमध्ये चढावा तशी गत होते. सोमवारी मुळीच जाऊ नका, दार बंद असतं. कश्काइश स्टेशनापासून पुढे वीसेक मिनिटं पायी. रस्त्यावर चुनखडीचे छोटे चौकोनी दगड बसवलेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चपलांनी ते असे गुळगुळीत झालेत की गुळगुळीत तळाचे बूट घातलेला माणूस संग्रहालयाआधी दवाखाना बघतो. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो. छत्री, ओढणी आणि भांग यांपैकी काहीही टिकत नाही.

घराच्या शेजारीच सांता मार्ताचं दीपगृह आहे, 1868 चं. मनोरा चौकोनी, पांढरा, त्यावर निळे आडवे पट्टे, आणि तोसुद्धा टाइल्सने मढवलेला. इथे सोबतच्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हे तर आपल्या मोरीसारखंच की!" रागावू नका. विधान फारसं चुकलेलं नाही. पोर्तुगीजांनी भिंतीला टाइल लावली ती नुसती नटवायला नाही. पुसली की स्वच्छ होते, हात-पाठ टेकून भिंत कळकट होत नाही आणि उन्हाळ्यात गार राहते. म्हणून कित्येक जिन्यांत आणि दालनांत ती फक्त कमरेपर्यंत किंवा खांद्यापर्यंत असते. जिथे माणूस घासला जातो, तिथपर्यंत. आपला जिन्यातला देव आणि त्यांचा निळा देवदूत यांची नोकरी एकच.

आता आत. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. अशा घरांत सर्वांत जास्त टाइल्स धोक्यात येतात त्या सॅक लावून वळणाऱ्या माणसामुळे. फ्लॅश बंद. आणि समोर उभं राहून फोटो काढू नका, कारण टाइलवरची झिलई म्हणजे काच आहे. फोटोत टाइल कमी आणि मागची खिडकी व तुमचं पोट जास्त येतं. दोन पावलं बाजूला सरका, तिरकं उभं राहा. कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी काच, असेल तर तोही तिरक्यातच काम करतो.

या टाइलला 'अझुलेझु' म्हणतात. निळ्या रंगाला पोर्तुगीजमध्ये 'अझुल' म्हणतात, त्यामुळे आपल्यातला एक जण लगेच व्युत्पत्ती सांगून मोकळा होतो. ती चूक आहे. शब्द अरबी आहे, अर्थ गुळगुळीत घोटलेला छोटा दगड. जुन्या टाइल्समध्ये निळ्याइतकाच पिवळाही भरपूर असतो. मला विचाराल तर तोच जास्त देखणा.

एक टाइल साधारण 14 सेंटीमीटरची, म्हणजे चौरस मीटरला पन्नासेक बसतात. सहा मीटर लांब आणि दीड मीटर उंच पट्टा म्हटला की साडेचारशेच्या वर गेलात. भाजलेल्या मातीच्या तुकड्यावर कथिलाची पांढरी झिलई ओततात. ती वाळून पिठूळ झाली की तिच्यावर रंगवायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. निळा कोबाल्टचा, पिवळा अँटिमनीचा, हिरवा तांब्याचा, जांभळट मँगनीजचा. मोठं चित्र उतरवायचं तर कागदाला सुईने भोकं पाडून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. रांगोळीच्या भोकाभोकांच्या कागदाची पद्धत, अगदी तीच. फरक एवढाच की रांगोळी चुकली तर हाताने पुसता येते. इथे कोरडी झिलई कुंचल्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकते. एकदा टेकला की टेकला. एखाद्या संताच्या नाकावर जास्तीची रेघ दिसली तर ती काही शतकांपूर्वीची आहे, असं समजून पुढे व्हा.

पण पुढे होता येत नाही, आणि खरा छळ इथेच आहे. या घरातल्या 17व्या शतकातल्या टाइल्स मुळात इथल्या नाहीत; जुन्या वास्तूतून काढून इथे बसवल्या आहेत. टाइल्स उतरवताना प्रत्येकीच्या पाठीवर रांगेचं अक्षर आणि रांगेतल्या जागेचा आकडा लिहायचा असतो. कोणी आळस केला, किंवा लावणाऱ्याने पाठ न बघता हाताला येईल ती लावली, की झालं. नक्षीच्या भिंतीत तर एकच टाइल चार वेळा नव्वद-नव्वद अंशांत फिरवून चौघींचं फूल करतात. त्यातली एक चुकीच्या बाजूने बसली की तीन पाकळ्या आत आणि चौथी बाहेर तोंड करून, जेवायच्या पंगतीत पाठ फिरवून बसलेल्या जावयासारखी. अशा कुठल्याही जुन्या घरात सवयीने ती शोधू नका. एकदा दिसली की डोळे मिटले तरी तीच दिसते. छत, कमानी, बाहेरचा अटलांटिक, सगळं फुकट. मग उरलेल्या मंडळींना ती दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि "कुठे? कुठे?" करत सगळा घोळका भिंतीवर बोट टेकवायला धावतो. बोट लावू नका.

बोट लावू नका याला कारण आहे, आणि ते कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. समुद्राकाठच्या भिंतीत खारं पाणी मुरतं. पुढून झिलई पाणी सोडत नाही, म्हणून ते सांध्यांतून आणि तड्यांतून वाळतं, जाताना मीठ मागे ठेवतं. मिठाचे खडे धरले की झिलई पापुद्र्यासारखी कडेपासून सुटते. भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त इथे प्लास्टरऐवजी साडेतीनशे वर्षांपूर्वीचा देवदूत गळतो. त्यावर उत्साही लोकांचा उपाय म्हणजे सिमेंट. तो दुखण्याहून वाईट. सिमेंट स्वतः क्षार आणतं, ओल कोंडून ठेवतं, आणि पुढे टाइल काढायची झाली तर टाइल फुटते, सिमेंट नाही. चुन्याचा गिलावाच हवा. तज्ज्ञ टाइलवर हलकेच टकटक करून पोकळ आवाज ऐकतात. आपला गवंडीही तेच करतो. तुम्ही मात्र करू नका, तुम्ही तिकीट काढून आलेले आहात.

आठवण म्हणून जुनी टाइल घ्यायचा मोह होईल. लिस्बनमध्ये मंगळवारी आणि शनिवारी 'फेइरा दा लाद्रा' भरते; नावाचा सरळ अर्थ चोरणीचा बाजार. मागे गिलावा चिकटलेली सुटी टाइल म्हणजे कुठल्यातरी भिंतीला पडलेलं भोक. या चोऱ्या इतक्या वाढल्या की 2007 मध्ये तिथल्या पोलिसांच्या संग्रहालयाने 'एसओएस अझुलेझु' नावाची मोहीम काढली. नवी टाइल घ्या. आणि घरी तिच्यावर कुकर ठेवू नका, झिलई तडकते.

सराव करायचा असेल तर आधी पणजी. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो याचं 1935 चं टाइलकाम आहे. ज्याने पोर्तोच्या साँव बेंतु स्टेशनात सुमारे 20 हजार टाइल्स लावल्या, तोच हा. विमानाचं तिकीट लागत नाही, आणि मान किती वेळ टिकते तेही कळतं.

नंतर परत यायचं, मान चोळत जिना चढायचा. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात देवाची टाइल. आता नजर तयार झालेली असते: डावीकडे अर्धा सेंटीमीटर कललेली, सिमेंटात बसवलेली, खालची कड सुटलेली. आणि पिचकारी, टाइल सोडून बरोब्बर दोन इंच बाजूला.