‘आपोआप जातो’ हे सगळ्यांना लागू नाही ओ

तुमच्या लेखात लिहिलंय बाळाच्या अंगावरचा लाल डाग म्हणजे हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) आपोआप जातो, नुसतं थांबा. बऱ्याच बाळांचा जातो, खरंय, पण डोळ्याजवळचा, श्वासनलिकेतला किंवा लिव्हरमधला असला तर थांबणं महागात पडतं आणि तेच लेखात नाही. आमच्या नातीच्या पापणीवर आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी, संक्रांतीला, तिळाएवढा ठिपका होता, दीड महिन्यात बोराएवढा फुगला आन् डोळा उघडेना. इथल्या एका डॉक्टरांनी ‘वर्षभर बघू’ म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या म्हणाल्या डोळा असा झाकून राहिला तर नजर कायमची मंद होईल, आजच अॅडमिट करा.

तिथं प्रोप्रानोलोल नावाचं औषध सुरू केलं. मेडिकलवाला म्हणतो आजी ही तर बीपीची गोळी, तान्ह्या लेकराला कशाला! पण फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना बाळाला हृदयासाठी हे औषध देताना डाग पण विरतोय हे दिसलं, 2008 मध्ये त्यांनी ते छापलं आणि पुढं हाच पहिला उपचार झाला. फक्त उपाशीपोटी द्यायचं नाही, रक्तातली साखर उतरते, म्हणून सून रात्री उठवून आधी पाजायची मग ड्रॉपर. आठवड्यात गाठ मऊ पडली, रंग फिका झाला.